शुभविवाहाची वेलांटी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हातातल्या मोबाइलच्या जोरावर एकट्याने पाच-सहा जणांचं काम पेलणाऱ्या तरुण मुलामुलींवर गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, सुनेलाही वाचून दाखवला. त्यात लिहिलंय ते खरं आहे, आमच्याच घरात रोज दिसतं. पण एक गोष्ट त्यात राहून गेली. ती आम्हाला २०० टॉवेलांचं नुकसान सोसून कळली, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. कापायचंच झालं तर माझ्याबद्दलचं कापा, टॉवेलाचं ठेवा.

मी साखर पेठेत राहतो. वय ६४. चादरीच्या कारखान्यांत ३१ वर्षं कार्ड मारली. कार्ड मारणं म्हणजे काय, हे आता सोलापुरातल्या मुलांनाही सांगावं लागतं. चादरीवर मोर, कुयरी, वेलबुट्टी दिसते ती छापलेली नसते, विणलेली असते. आधी डिझाइनवाला चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, एकेक चौकोन लाल रंगानं भरायचा. तो ग्राफ माझ्यासमोर यायचा. एक ओळ वाचायची, बोटांनी कळा दाबायच्या, पायानं दांडा दाबायचा, की पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पडायची. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. अशा शेकडो पट्ट्या बायका दोऱ्यानं एकीला एक शिवायच्या आणि जॉबर, म्हणजे मागाची जोडणी करणारा, ती माळ मागावरच्या जेकार्डवर, म्हणजे भोकं बघून धागे उचलणाऱ्या यंत्रावर, चढवायचा. त्याच्यापुढं विणकर, शिलाईवाली, तपासणारा, घडीवाला, पेढीवाला. चादर गिऱ्हाइकाच्या अंगावर पडेपर्यंत आठ-दहा जणांच्या हातांतून जायची, आणि प्रत्येकाला आपापलं एकच काम यायचं. तेच त्याचं नाव व्हायचं. मला गल्लीत अजून कार्डवाला म्हणतात. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. ते वारले तेव्हाही 'साचेवाले गेले' असंच लोक म्हणाले.

ही भोकांची युक्ती फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जोसेफ मारी जकार्ड यांची, १८०४ च्या सुमाराची. त्यांच्या नावावरूनच आमचं जेकार्ड. हे मला सुनेनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला तेव्हा कळलं, ३१ वर्षं काम करून कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं रेशमात विणलेलं एक चित्र आहे, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. इंग्लंडमधले गणिती चार्ल्स बॅबेज यांच्याकडं ते चित्र होतं आणि हिशेबाच्या यंत्राला अशीच कार्डं लावायचं त्यांच्या मनात होतं. पुढं १८९० ची अमेरिकेतली जनगणना भोकाच्या कार्डांवर मोजली गेली. भोक म्हणजे हो, भोक नाही म्हणजे नाही. कॉम्प्युटरही पोटातून एवढंच बोलतो म्हणे. ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. ज्या यंत्रानं माझं काम संपवलं त्याचं मूळ माझ्याच हाताखालून गेलं होतं, आणि खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही, अभिमान वाटला.

आता सुनेबद्दल. ती विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली. तिची आई आयुष्यभर विड्या वळत आली. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा आणि कारखान्यात नेऊन मोजून द्यायच्या. लेकीनं विड्या वळायचं सूप हातात घेऊ नये एवढ्यासाठी त्या माउलीनं तिला बी.कॉम. केलं. माझा मुलगा पुण्यात नोकरीला. आठवडाभर तिकडं असतो आणि शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं येतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, माग थांबले, आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात टॉवेलाचा माल नुसता पडून राहिला. सुनेनं त्यातले ४० टॉवेल उधारीवर आणले, सकाळच्या उन्हात गच्चीवर दोरीला लावून फोटो काढले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. दोन दिवसांत गेले. तिथून सुरुवात.

आज ती डिझाइन करते, फोटो काढते, फोटोखाली दोन ओळी लिहिते, गिऱ्हाइकाशी मराठी, तेलुगू, हिंदी आणि लागेल तसं इंग्रजी बोलते, क्यूआर कोडवर पैसे घेते, जीएसटीचं बिल करते, पार्सल बांधते आणि ते कुठवर पोचलं हेही फोनवरच बघते. विणायचं काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबवर देते. तिथं आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहेत, कार्डच लागत नाही, फाइल पाठवली की झालं. मी ज्यांची नावं वर घेतली त्या आठ-दहा जणांतले सहा जण आमच्या माजघरातल्या एका टेबलावर येऊन बसलेत.

एक दुपार मला विसरता येत नाही. माझ्या पेटीत एका जुन्या मोराचा ग्राफ होता. ज्यांनी तो काढला ते डिझाइनवाले आता नाहीत आणि त्यांचा कारखानाही नाही. कागदाला घड्यांवर चिरा पडलेल्या, लाल शाई तपकिरी झालेली. त्या मोराची कार्डं मारायला मला १२ दिवस लागले होते, तेही रोज पूर्ण पाळी बसून. सुनेनं खिडकीजवळ जमिनीवर ग्राफ पसरला, कडेला भांड्यांची वजनं ठेवली आणि खुर्चीवर उभं राहून फोटो काढला. मग कॉम्प्युटरवर तो सरळ केला, चौकटी जुळवल्या आणि फाटलेल्या जागी बोट ठेवून मला विचारत राहिली, "मामा, इथं भरलेलं होतं का मोकळं?" मी डोळे मिटून सांगत होतो. बोटांनाच आठवत होतं. दिवेलागणीला मोर पडद्यावर उभा होता, पिसाऱ्यातला एकही डोळा न चुकता. ते काम पाहून मला रडू आलं. जी चीज माझ्याबरोबर पेटीतच संपणार होती ती एका दुपारीत वाचली, आणि जिनं वाचवली तिला कुठल्याही कारखान्यानं डिझाइनवाल्याच्या खुर्चीत बसू दिलं नसतं. माझ्या ३१ वर्षांत त्या खुर्चीत मी एकही बाई पाहिली नाही. बायकांना कांडी भरायला, कार्ड शिवायला, शिलाईला ठेवायचे. म्हणून हातात फोन घेऊन कामाची कुंपणं ओलांडणाऱ्या मुलींचं कौतुक आपण छापलंत, त्याबद्दल मी आपले आभार मानतो. त्या कौतुकात माझंही मत धरा.

टॉवेलांची गोष्ट पुढची.

आपल्याकडं लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर असतो. गेल्या लग्नसराईत एका घरानं २०० टॉवेल सांगितले. दोन्ही टोकांच्या पट्ट्यात 'शुभविवाह' आणि खाली नवरा-नवरीचं नाव विणून हवं होतं. सुनेनं रात्री एकला डिझाइन संपवलं, तिथूनच फाइल एमआयडीसीत पाठवली. माल आला, तिनंच बांधला, रवाना केला. चौथ्या दिवशी नवरीच्या वडिलांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, हे एकदा वाचून बघता का?"

पहिल्या 'व'ची वेलांटी पुढच्या 'वा'वर जाऊन बसली होती. २०० टॉवेल, ४०० पट्टे, प्रत्येकावर तेच.

हे कसं होतं ते मी नंतर समजून घेतलं. कॉम्प्युटरमध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षराच्या नंतर आणि दाखवायची असते अक्षराच्या आधी. ज्या प्रोग्रॅमला मराठी नीट येतं तो ती उचलून अक्षराच्या आधी ठेवतो. ज्याला येत नाही तो आहे तिथंच सोडतो, मग ती पुढच्या अक्षराची होऊन बसते. जोडाक्षरं अशीच तुटतात, रफार असाच भटकतो. सुनेनं शब्द लिहिला होता बरोबर, डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवताना मोडला. कुणी म्हणेल, आता तर मशीनच शुद्धलेखन तपासतं. तपासतं, पण अक्षरं अक्षरं असतात तोवरच. एकदा त्यांचे चौकोन झाले की मशीनला तो 'शुभविवाह' नसतो, भरलेल्या आणि मोकळ्या घरांचा ढीग असतो. तिथं वेलांटी बरोबर की चूक, हे माणसालाच दिसतं.

मग माणसाला का दिसलं नाही? ही सून डोळस आहे, तिचं मराठी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. पण स्वतः लिहिलेलं आपण वाचत नाही, मनात असलेलंच पुन्हा बघतो. त्यातून रात्रीचा एक वाजलेला. एमआयडीसीतल्या माणसाला मी विचारलं, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "फाइल पार्टीची, आम्ही फक्त विणतो." त्याचंही चूक नाही. पूर्वी काम हातांतून जायचं, आता तारेतून जातं.

आमच्या वेळी असं सुटत नव्हतं. आम्ही काही हुशार होतो असं नाही. मी तेलुगू घरातला, मराठी शाळेत शिकलो, पण वाचायचो अक्षर अक्षर लावत. ग्राफवरचं नाव मला पटकन वाचताच यायचं नाही. एकेक काना, एकेक मात्रा सुटी दिसायची. एका ट्रस्टच्या चादरींवर 'स्मरणार्थ' विणायचं होतं, तिथं रफार एक अक्षर आधी, 'णा'वर पडलेला मी ग्राफवरच पकडला होता. डिझाइनवाले शिकलेले, वाचनालयात बसणारे, त्यांच्या नजरेतून सुटला आणि माझ्यासारख्या अडखळत वाचणाऱ्याच्या नजरेला टोचला. मालकांनी दोघांनाही चहा पाजला. तसंच कार्ड शिवणारीला उलटी लागलेली पट्टी सापडायची, विणकराला पहिल्या वीतभर कापडात खोट दिसायची. कुणाच्याही मजुरीत 'चूक शोधणे' असं लिहिलेलं नव्हतं. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना चूक आपोआप उघडी पडायची.

एकाच माणसानं सहा भूमिका घेतल्या की सहा मजुऱ्या वाचतात, हे सगळ्यांना दिसतं. मधल्या पाच देवघेवी नाहीशा होतात आणि त्यांच्याबरोबर पाच नजरा जातात, हे कुणी हिशेबात धरत नाही. संपादक महोदय, आपल्या लेखात राहिलं ते हे.

आपल्या धंद्यातही हेच झालंय ना? मी रोज हिराचंद नेमचंद वाचनालयात पेपर वाचायला जातो, चाळीसेक वर्षं जातोय. पूर्वी बातमीदार लिहायचा, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारा जुळवायचा, मुद्रितशोधक तपासायचा, फोटोवाला वेगळा. आता बातमीदारच लिहितो, फोटो काढतो, व्हिडिओ करतो आणि बातमी उभ्या उभ्या पाठवून देतो. बातमी लवकर मिळते, हे चांगलंच. पण मथळ्यात चुकलेली आडनावं मी पूर्वी इतकी कधी पाहिली नव्हती. हे दोष काढायला लिहीत नाही. त्या बातमीदार मुलाची रात्रही माझ्या सुनेच्या रात्रीसारखीच असणार, हे मला कळतं. मिलचा भोंगा होता तेव्हा वडील पाळी सुटल्यावर साचेवाले नसायचे, घरी येऊन आंघोळ करून नुसते नायना, म्हणजे आमचे बाबा, असायचे. सुनेचा फोन रात्री साडेअकराला वाजतो, कुणीतरी विचारत असतं, 'निळ्यात आहे का?' भाजी परतताना ती डिझाइनवाली असते आणि डिझाइन करताना आई.

ते २०० टॉवेल आम्ही परत घेतले. चार दिवसांत नवे विणून लग्नाआधी पोचते केले. त्यात तिची दोन महिन्यांची कमाई गेली. चुकीचा माल कमी भावात काढून टाकू, असं मुलगा म्हणाला, पण तिनं ऐकलं नाही. त्यावर कुणाच्या तरी लेकीचं नाव आहे, म्हणाली. पट्टे कापून वेगळे केले आणि मधलं कापड भांडी पुसायला दिलं.

त्यानंतर आमच्या घरात एक जुनी भूमिका परत आली. कुठलीही फाइल एमआयडीसीत जायच्या आधी तिचा फोटो माझ्या फोनवर येतो. मी मोठा करून बघतो, शेवटच्या अक्षराकडून सुरुवातीकडं वाचत येतो, म्हणजे शब्दाचा अर्थ मध्ये येत नाही आणि नुसती अक्षरं दिसतात. एका डिझाइनचे मी १० रुपये घेतो. घरातल्या घरात पैसे कसले, म्हणून मुलगा नाराज झाला. मी म्हटलं, घाई झाली की फुकटचं काम पहिलं सुटतं. सुनेला पटलं. ती हिशेबाच्या वहीत 'तपासणी' असा वेगळा रकाना धरते आणि महिन्याच्या १ तारखेला पैसे देते.

हे गल्लीत कळल्यावर आणखी सात घरांतून फोटो यायला लागले. कुणी गणवेशावर शाळेचं नाव भरतं, कुणी कडक भाकरीच्या आणि शेंगा चटणीच्या पाकिटावरचं लेबल स्वतः करतं, कुणी लग्नपत्रिका. सगळ्या एकेकट्या काम करणाऱ्या बायका. गेल्या महिन्यात एका चटणीच्या लेबलवर वजन १०० ग्रॅम आणि खाली किंमत २५० ग्रॅमची छापायला चालली होती. मला काही अक्कल जास्त आहे म्हणून ते दिसलं नाही. ते लेबल मी केलेलं नव्हतं, म्हणून दिसलं.

माझं मागणं लहान आहे. या शहरात माझ्यासारखे बरेच आहेत. छापखान्यांतले खिळे जुळवणारे, ज्यांना उलटं अक्षर सुलट्यासारखं वाचता येतं. निवृत्त शिक्षक. कारखान्यांत माल तपासणारे. त्यांना वाटतं, मोबाइलवाल्यांच्या जगात आपलं काम संपलं. आणि इकडं या मुली रात्री एक वाजता एकट्या बसून शेवटचं बटण दाबतात. आपल्या पेपरानं या दोघांची गाठ घालून द्यावी. वाचनालयांनी संध्याकाळी तासभर एक टेबल द्यावं, तिथं कुणीही आपलं लेबल, पाटी, पत्रिका, डिझाइन आणून दाखवावं आणि तपासणाऱ्याला ठरलेली मजुरी द्यावी. मुलींना ऑनलाइन धंदा शिकवणारे वर्ग शहरात निघतात, तिथं फोटो कसा काढायचा, पैसे कसे घ्यायचे हे सगळं शिकवतात. त्यात एक तास याचाही असावा, की पाठवायच्या आधी दुसऱ्याला दाखवा, आणि कुणाला दाखवायचं. पुरवणीत पुढच्या वेळी अशा मुलीवर लिहाल तेव्हा तिला विचारा, तुझं काम कोण तपासतं? ते नावही छापा.

हे पत्र मी फोनवर बोलून लिहिलं, हाताला आता कंप आहे. फोननं 'कार्ड'चं चार ठिकाणी 'गार्ड' केलं होतं. सुनेनं ते दुरुस्त केलं आणि तिचे १० रुपये मी वहीत मांडले आहेत.

आपला,
एक कार्डवाला
साखर पेठ, सोलापूर